टोल वेगाचा, दंडही वेगाचा

सोलापूर शहरात वेगाचा गुन्हा करायचा तर आधी जागा शोधावी लागते. सात रस्त्याला सगळ्या बाजूंनी एकाच वेळी लोक घुसतात, नवी पेठेत गाडी पुढे सरकते ती मागच्याच्या हॉर्नच्या जोरावर, आणि कुठे जरा मोकळं दिसलंच तर तिथे कालच कुणीतरी खणून ठेवलेलं असतं. उरलीसुरली कसर गल्लीतले स्पीडब्रेकर भरून काढतात. ते कुणी मंजूर केले हे विचारू नये. थोडं डांबर, थोडा मुरूम आणि कोपऱ्यावरच्या आजीचा आग्रह, एवढ्यावर ते रातोरात उगवतात. पण काम चोख. पावती नाही, फोटो नाही, दंड थेट मणक्यात वसूल.

म्हणून आम्हा सोलापूरकरांची वेगाची हौस भागते ती पुणे हायवेवर. माझी जरा जास्तच भागली म्हणे. जेवायला बसलो होतो. ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, मोबाइलवर ई-चलन : मर्यादा 80, वेग 94, दंड दोन हजार. लिंक उघडली तर आमच्याच गाडीचा फोटो. बायकोने तो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "अहो, बंपरला केवढा चिखल! असा फोटो गेला का सरकारदरबारी?"

मेव्हणा समोरच बसला होता. "भरू नका दाजी. लोकअदालत लागली की बघू. कशाला टेन्शन घेऊलालाव?" त्याची स्वतःची इतकी चलनं थकली आहेत की वडिलोपार्जित कर्जासारखी ती आता पुढच्या पिढीच्याच नावावर चढतील.

"हा सगळा गल्ला भरायचा धंदा आहे," हे त्याचं ठाम मत. दहावीतल्या आमच्या चिरंजीवांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ताटाशेजारीच हिशेब मांडला. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा 80 ऐवजी 94 म्हणजे 14 जास्त नव्हे, तब्बल 38 टक्के जास्त. वर 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले 70 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत, हेही ऐकवलं. मेव्हण्याने चटणी मागितली. या आकड्यांवर माझ्याकडेही उत्तर नाही. वेगाला चाप हवाच. माझं भांडण फक्त चाप लावणारा कुठे उभा राहतो याच्याशी आहे.

नंतर तिथून जाताना मी मुद्दाम 80 चा फलक शोधला. फलक होता. त्याच्यापुढे कुणा भावी आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि साहेबांच्या गॉगलशेजारून 80 मधलं शून्य तेवढं डोकावत होतं. फलकावर विसंबायचं तर गाडी ढकलत न्यायला हवी. मोजणारी पांढरी गाडी पुलाच्या उताराला, बाभळीआड. उतारावर पाय न लावताही गाडी पळते, हे त्यांना माहीत असणारच. 2021 च्या केंद्राच्या नियमात लिहिलंय, की कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा आणि यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करायला हवं. ब्रिटनमध्ये तर कॅमेऱ्याची पेटी पिवळीधमक रंगवतात, लांबूनच दिसावी म्हणून. कॅमेरा दिसला की माणूस ब्रेकवर पाय ठेवतो. आमच्याकडे तो दिसला की गिऱ्हाईक गेलं!

आता उसाचा ट्रॅक्टर घ्या. गाळप सुरू झालं की रात्री मोहोळच्या पुढे तो भेटतोच. मागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे वाढे, दिवा एकालाही नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. पुढे स्पीकरवर गाणं एवढ्या जोरात, की मागून तुम्ही हॉर्न द्या नाहीतर तोफ डागा. कितीतरी वेळा मला ट्रॉली आधी कानांनी कळली आहे, मग डोळ्यांनी. पण त्याचा वेग वीस. म्हणजे स्पीडगनच्या लेखी तो जिल्ह्यातला सर्वांत सभ्य चालक. त्याच्या मागे अचानक ब्रेक दाबून देवाचं नाव घेणारा मी, आणि सराईत गुन्हेगारही मीच.

खरी रस्ता सुरक्षा मात्र समोरून येणारे फुकटात राबवतात. डिव्हायडरपलीकडून कुणी दोनदा हेडलाइट मारला की अख्खी रांग शहाणी होते. ट्रक डावी लेन धरतात, फोन खिशात जातात, सीटबेल्ट अंगावर येतात, आणि मेव्हण्यासारखा मेव्हणा वरातीतल्या वेगाने गाडी हाकत पुटपुटतो, "उभेत वाटतं." ते मागे पडले की पुढच्या मिनिटाला काटा शंभरावर. म्हणून मला वाटतं, ती पांढरी गाडी नुसती रंगवून, रिकामी का होईना, शाळेसमोर आणि गावाच्या फाट्यावर उघडी उभी करावी. दिवसभरात एकही चलन फाटलं नाही तर त्या दिवशी गाडीला हार घालावा. पण शून्य वसुलीचा तक्ता घेऊन बैठकीला कोण जाणार?

दंडाचे पैसे जातात कुठे, हे चिरंजीवांनीच सांगितलं : राज्याच्या तिजोरीत. "मग रस्त्याचं काय?" बायकोने विचारलं. रस्त्याचे वेगळे. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, पुण्यापर्यंत फास्टॅग टुंग टुंग वाजतच असतो. वेगाने जाता यावं म्हणून टोल, आणि वेगाने गेलात म्हणून दंड.

शेवटी मी दोन हजार भरून टाकले. मेव्हण्याच्या ते फार मनाला लागलं. दोन दिवस नीट बोलला नाही, मग म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखे भरतात म्हणूनच त्यांना सवय लागलीय बगा."