कलम अकरा

मला पब्जीच्या क्लॅनमधून, म्हणजे मोबाईलवर तो गोळीबाराचा खेळ मिळून खेळणाऱ्या गल्लीतल्या पोरांच्या टोळीतून, काढलं. आठवडाभरासाठी, आणि तेही नुकत्याच दहावीत गेलेल्या अ‍ॅडमिन पोराने, शेवटी हात जोडल्याचं चित्र लावून. ‘सॉरी काका, रूल इज रूल.’ कारण काय, तर कलम अकरा : मॅच अर्धवट सोडणाऱ्याला सात दिवस बाहेर. आता धुळ्यात मे महिन्यात भरदुपारी लाईट जाते, लाईटबरोबर वायफाय जातं आणि पाठोपाठ टॉवरही आचके द्यायला लागतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने क्लॅनच काय, पाणपोईसुद्धा चालवू नये. मी मॅच सोडलेली नव्हती. मी घरात, पंख्याखाली, म्हणजे बंद पंख्याखाली, मोबाईल हातात धरून जागेवरच होतो. मॅच मला सोडून गेली.

या वयात तिथे काय करत होतो, हे विचारू नका. स्क्वॉडला चार जण लागतात, चौथा गडी सुट्टीत मामाच्या गावाला गेला, भाच्याने मला बसवलं. मी बसलो तो बसलोच.

नियम मी आधी वाचले होते, हे मुद्दाम सांगतो. एकूण सतरा कलमं. हॅक वापरायचा नाही. आयडी, म्हणजे खेळातलं आपलं खातं, विकायचा नाही. कुणाचा मोबाईल नंबर अनोळखी माणसाला द्यायचा नाही. मेलेल्या शत्रूच्या सामानाची पेटी आधी त्याला मारणाऱ्याने उघडायची. चांगलीच कलमं आहेत, आमच्या सोसायटीच्या उपविधींपेक्षा शहाणी. कलम सात तर फारच आवडलं : ‘मेलेल्याने जिवंतांना सूचना देऊ नयेत.’ हे आमच्या घराण्यातल्या काही दिवंगतांना वेळेवर लावलं असतं, तर शेताचे तीन तुकडे झाले नसते.

कलम चार मात्र असं : ‘आई-बहिणीवरून बोलायचं नाही. (मॅच चालू असताना सूट.)’

ही सूट कुणासाठी आहे ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. एक पोरगा आहे, निशाणा अचूक, रँक सगळ्यात वर. तो माइक चालू करतो तेव्हा मी कानातून इअरफोन काढून उशीखाली ठेवतो आणि तरीही ऐकू येतं. त्याला कधी कुणी ‘रूल इज रूल’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मागच्या आळीतली एक मुलगी त्याच्याइतकीच चांगली खेळते, पण मुलाच्या नावाने आणि माइक बंद ठेवून. एकदा तिचा आवाज चुकून बाहेर गेला, तर समोरच्या टीमपेक्षा आपल्याच टीमने तिला जास्त हैराण केलं. तिने तक्रार केली, तिला उत्तर मिळालं, ‘म्यूट कर ना मग.’ म्हणजे ज्याने तोंड सोडलं त्याने नाही, जिने ऐकलं तिने कान बंद करायचे. यासाठी अठरावं कलम कुणाला सुचलं नाही. माझी लाईट गेली त्यासाठी मात्र अकरावं तयार होतं.

असो. मी संध्याकाळी धुसफुसत ओट्यावर बसलो होतो आणि तिथे नाना आले.

नाना म्हणजे कोर्टातले निवृत्त नाझर. आयुष्यभर समन्स बजावले, जप्त्या केल्या, आता रिकामे. रिकाम्या नाझरासमोर आपलं दुःख बोलू नये. मी बोललो. नानांनी चष्मा पुसला, माझा मोबाईल हातभर लांब धरला आणि सतरा कलमं पहिल्यापासून, जोडाक्षरं फोडत, मोठ्याने वाचली. मग म्हणाले,

“हाई काय शे? कोनी लिखं?”

“अ‍ॅडमिनने.”

“याच्यावर अपील कुठे?”

“अ‍ॅडमिनकडेच.”

“ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडेच?” नानांचा चेहरा उजळला. “मग कायद्यानेच चाललंय की बापू. तुझा दावा दिवाणी दिसतो. फौजदारी हे आपल्या खान्देशात फक्त डाळीचं नाव. पैसे लावून खेळता का?”

“नाही हो.”

“लावत असते तर बरं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झालाय. पैशाचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. खेळणाऱ्याला काही नाही. म्हणजे तू सुटला असता आणि अ‍ॅडमिन आत गेला असता.” ते खरोखर हळहळले. मग माझी समजूत घालायला त्यांनी १९३२ साल काढलं. त्या वर्षी याच गावच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. “बंदीत माणसाने काहीतरी करून दाखवावं. तू सात दिवसांत काय करणार?” मी म्हटलं, मला करून दाखवायचं नाही, मला आत जायचंय.

अ‍ॅडमिनला बोलावणं गेलं. “आठे ये रे पोऱ्या, बठ.” तो सायकल टेकवून, एक कान इअरफोनमध्ये ठेवून बसला. लाईट गेल्याचा पुरावा काय, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, सगळ्या गल्लीची गेली होती. तो म्हणाला, “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे काका. स्क्रीनशॉट असेल तर टाका.” अंधाराचा स्क्रीनशॉट! मी नानांकडे पाहिलं, तर नाना मान डोलवत होते. “पुरावा तर लागतोच.”

इथवर मी हरलेलोच होतो. पण नानांना जुनी सवय, समोरच्याचं पूर्ण नाव, वय, पत्ता विचारल्याशिवाय त्यांचा जबाब सुरू होत नाही. वय सोळाच्या आत निघालं, आणि नानांनी भुवया वर केल्या. त्यांचा नातू नाशिकला हाच खेळ खेळतो, त्यामुळे त्यांना सगळी कुंडली पाठ. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅपं बंद केली, त्यात पब्जी गेला. २०२१ मध्ये नवं नाव घेऊन, लाल रक्ताचं हिरवं करून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर.

“आणि अठराच्या आतल्याला दिवसाला तीन तास. तू तर सकाळपासून खेळतोस. कसा?”

पोराने इअरफोन काढला. बराच वेळ सायकलच्या पॅडलकडे बघितलं. मग म्हणाला, “आयडी आजीचा आहे.”

नाना उठून उभे राहिले. नोकरीत असताना सापडलेला फरारी प्रतिवादी पाहून ते असेच उभे राहत असावेत. “म्हणजे कागदोपत्री खेळते कोण? आजी! बापू, तुझ्यावर बंदी आजीने घातलीय. नोटीस तिच्या नावाने निघेल.”

आणि ते खरंच गेले. मागे मी, मागे सायकल ढकलत अ‍ॅडमिन. आजी अंगणात बाजेवर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. नानांनी पायरीवर उभं राहून, आवाज न चढवता, आजींना कळवलं की त्यांच्या नावावर आजवर तेराशेच्या वर माणसं मारल्याची नोंद आहे, पैकी बरीच डोक्यात गोळी घालून.

“कोन म्हनस?” आजींच्या हातातला पापड तसाच राहिला. “मी त मुंगीबी मारत नही!”

“आकडा मोबाईलवर आहे. काही तर रात्री दोननंतर.”

त्या वेळी आजी हरिपाठाच्या कॅसेटवर झोपलेल्या असतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण नाना कुठले ऐकतात. त्यांनी आजींना रँक सांगितली, ती ऐकून आजींना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि तिथेच माझ्या दाव्याला कलाटणी मिळाली. कारण नानांनी मग त्यांना विचारलं, अ‍ॅडमिन या नात्याने अर्जदाराला परत घ्यावं की नाही?

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी पेन्शन, माझं टक्कल, माझ्या हातातला मोबाईल.

“ह्या भाऊ का? या वयात? सात दिवस कसाले, बारा महिना बंद ठेव रे त्याले.”

नानांनी तिथेच निकाल दिला. अपील नामंजूर. बारा महिन्यांचा हुकूम वयाचा विचार करून सात दिवसांवर आणला, ही त्यांची मेहेरबानी. खर्च अर्जदाराने सोसायचा. खर्च म्हणजे काय, ते त्यांनी तोंडीच ठरवलं : क्लॅनच्या सगळ्या सभासदांना मिरचीची भजी. आजींना दोन प्लेट, कारण त्या पक्षकार. तीन तासांच्या मर्यादेचं पुढे काय झालं, असं मी वाटेत विचारलं, तर नाना म्हणाले, तो स्वतंत्र दावा आहे, वेगळा अर्ज कर.

भजी मी आणली. पोरं ओट्यावर, पायऱ्यांवर, माझ्याच गाडीच्या सीटवर बसून खात होती. मागच्या आळीतली ती मुलगी आली नाही, तिला कुणी बोलावलंच नव्हतं. सगळ्यात जास्त भजी कलम चारच्या सवलतवाल्याने खाल्ली, आणि तिखट लागल्यावर जे काही बोलला, त्यावर अ‍ॅडमिन एवढंच म्हणाला की मॅच चालू आहे.