'आमच्या आईला अडवलंत, तुमच्या सिस्टरला कोण अडवणार?' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आमच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलबद्दलचा तुमचा अभिप्राय मी, इथली डॉक्टर, दोनदा वाचला. काल संध्याकाळी पाळी बदलताना सगळ्या सिस्टर आणि मावशींना एकत्र बसवून मोठ्याने वाचूनही दाखवला.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बाळाच्या आजींना, म्हणजे तुमच्या आईंना, वॉर्डच्या दारात थांबवून तीनदा हात धुवायला लावले. त्यांनी घरून आणलेली घुटी बाळाला देऊ दिली नाही, वर चारचौघांत त्यांना बोलले. एका वेळी एकाच माणसाला आत सोडलं. बाळाला खबरदारी म्हणून अँटिबायोटिक सुरू करा म्हटलं तर नाही म्हणाले. बिलात सॅनिटायझरचे वेगळे पैसे लावले. आणि एवढी शिस्त शिकवणाऱ्या या हॉस्पिटलची रात्रीची सिस्टर मोबाइलवर बोलत आली, फोन खिशात टाकला, शेजारच्या कॉटवरच्या बाळाचं दुपटं बदललं आणि हात न धुता तुमच्या बाळाला उचललं. तिला कामावरून काढा, असं तुमचं म्हणणं आहे.

बाळाच्या तब्येतीबद्दलही तुम्ही लिहिलंय. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. ती तुमच्या घरची खाजगी गोष्ट आहे. फाइल घेऊन कधीही या, पान न्‌ पान समोर ठेवून बोलू.

सिस्टरची तक्रार आधी घेते. ती खरी आहे. मी विचारल्यावर तिने लगेच कबूल केलं. आणि तुम्हाला ती जेवढी गंभीर वाटली त्याहून मला जास्त गंभीर वाटते. आजींचे हात एकाच बाळाला लागतात, आणि त्या हातांवरचे जंतू बहुतेक घरचेच असतात, ज्यांच्यात ते बाळ पुढे वाढणार आहे. सिस्टरचे हात एका रात्रीत आठ बाळंतिणींना लागतात. कुणाचा पॅड, कुणाची लघवीची नळी, कुणाचं सलाइन, आणि मग कुणाच्या तरी बाळाची ओली नाळ. शिवाय दवाखान्यातले जंतू औषधांना सरावलेले, निबर झालेले असतात. तेव्हा हात धुण्याचा नियम आजींना एकदा लागू असेल तर आम्हाला शंभरदा लागू आहे. आम्ही नेमकं उलटं केलं. आजींवर नजर ठेवली आणि स्वतःवर ठेवली नाही.

आमच्या व्यवसायाला हा धडा फार जुन्या काळी मिळालेला आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाळंतिणी तापाने जात, सुईणींच्या विभागात चारच्या आसपास. बायका हातापाया पडून सुईणींकडे पाठवा म्हणायच्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. १८४७ च्या मे महिन्यात त्याने सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले. पुढच्या वर्षी त्या विभागातले मृत्यू शंभरात दोनच्याही खाली आले. बाळंतिणींना मारणारे हात डॉक्टरांचे होते, हे मान्य करणं मात्र त्याच्या वरिष्ठांना जड गेलं. मला ते जड जाऊ द्यायचं नाही, म्हणून हे सगळं इथे उघड लिहिते आहे.

पण त्या सिस्टरला मी काढणार नाही. त्या रात्री आठ बाळंतिणी आणि आठ बाळांमागे ती एकटी होती. हात धुवायचं बेसिन वॉर्डच्या पार त्या टोकाला. दर बाळागणिक तिथपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायचे म्हणजे ४० ते ६० सेकंद, त्यात जाणं-येणं धरा. रात्रभरात हे किती वेळा जमेल? बेसिन कुठे बसवायचं हे बांधकामाच्या वेळी मी ठरवलं होतं, रात्रीला एकच सिस्टर हेही मीच ठरवलं होतं. शिक्षा तिला कशी करू? आणि एकीला काढलं की बाकीच्या चुका करायच्या थांबत नाहीत, सांगायच्या थांबतात.

आता प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझर अडकवलंय. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात, फक्त हात पूर्ण सुकेपर्यंत चोळायचे. रात्रीला दुसरी सिस्टर आणि एक मावशी आली. ड्यूटीवर घड्याळ, अंगठ्या, बांगड्या नाहीत, बाह्या कोपराच्या वर. मोबाइल काउंटरच्या खणात. मीही राउंडला घड्याळ काढून येते. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बाळाला हात लावण्याआधी आम्ही हात धुतले का, हे विचारा. आम्हाला राग येणार नाही.' माझ्या राउंडला परवा एका पहिलटकरणीच्या आईने खरंच विचारलं. मी धुतले होते, तरी तिच्यासमोर पुन्हा धुतले.

अँटिबायोटिकबद्दल मात्र माझा नकार कायम राहील. जिथे लागतं तिथे आम्ही देतो. सिझेरियनला आईला चिरण्याआधी तासाभरात एक डोस देतोच. पण लक्षणं नसलेल्या, धोक्याचं कारण नसलेल्या बाळाला 'असू दे' म्हणून इंजेक्शन देणं मी चूक मानते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सगळ्यांत जास्त सापडलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर, त्याच्यामागे क्लेबसिएला. ॲसिनेटोबॅक्टरचे पाचातले चार नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. आज उगाच दिलेलं औषध उद्या खरोखर आजारी बाळाला लागू पडत नाही, तेव्हा त्या बाळाच्या आईला काय सांगायचं? लहान गावात हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण मोठं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, दोन तासांवर असतं.

घुटीचंही तसंच. मलाही माझ्या आजीने सहाणेवर उगाळून घुटी पाजली होती, आणि तिची माया मला ठाऊक आहे. पण सहाण उकळलेली नसते, पाणी कुठलं असेल सांगता येत नाही, आणि घुटीत घालतात त्या मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि सुरुवातीचा तो पिवळा घट्ट चीक तर थेंबभरही वाया घालवायचा नाही. त्यातच बाळाला जंतूंशी लढायचं बळ मिळतं.

हे आजींना बाजूला बसवून सांगायला हवं होतं. त्यांना ते दोन मिनिटांत पटलं असतं, याची मला खात्री आहे. लोणच्याच्या बरणीला घरात कुणाचा ओला हात लागू न देणाऱ्या बाईला बुरशी कशी लागते हे मी काय शिकवणार? बाळाची नाळ म्हणजे तशीच बरणी. कोरडी ठेवायची, तेल, हळद, भस्म काही लावायचं नाही, बिनधुतला हात नाही. अशा भाषेत बोलायचं सोडून आमच्या माणसांनी आवाज चढवला. ते चुकलं, आणि ते मी मान्य करते.

एका वेळी एक माणूस हा नियम राहील. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस सगळ्यांना जाऊ देत नसत. त्यातला विटाळाचा भाग मला कधीच मान्य नव्हता, पण गर्दी नसायची हे बाळाच्या पथ्यावरच पडायचं. पाचवीची पूजा खाली हॉलमध्ये करा, पाट आम्ही देऊ. फक्त बाळाला धुरात आणायचं नाही. आणि आजी आम्हाला नकोत असं कृपया समजू नका. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरेनात, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही बाळं आपापल्या आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तेच आम्ही इथे करतो, आणि आई दमली की आजीला पुढे करतो. धुतलेल्या हातांच्या आजीइतकी चांगली पेटी बाजारात मिळत नाही.

सॅनिटायझरचे पैसे लावणं चूक होतं. हात स्वच्छ ठेवणं हे आमचं काम आहे, त्याचं बिल पेशंटला का? तुमचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत, आणि ती ओळ सगळ्यांच्याच बिलातून काढली आहे.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन याल तेव्हा आजींना नक्की आणा. चारचौघांत त्यांना बोललं गेलं, तर माफीही मला चारचौघांतच मागायची आहे.