"पक्षी काय, जातील दुसरीकडे"

मिठागरांवर घरं बांधायची चर्चा निघाली, खाडीवर पूल आला, एखाद्या तळ्यात भराव पडू लागला, की मुंबईत हे वाक्य हमखास ऐकू येतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, टीव्हीवरच्या चर्चेत. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना घरं हवीत, रस्ते हवेत, ते मलाही हवेत. पण "जातील दुसरीकडे" हा एक दावा आहे आणि तो तपासून बघता येतो. तपासण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे, त्या पाणथळ पक्ष्यांच्या अभ्यासकांना मात्र आपण सगळं ठरून गेल्यावर बोलावतो. हे खूप दिवस मनात खदखदत होतं, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

मुंबईत पक्षी ओळखणारे पुष्कळ आहेत. थंडीत रविवारी सकाळी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर जा, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं घोळक्याने भेटतील. ऐरोलीहून रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, बघायला बोटी सुटतात, त्यांनाही गर्दी असते. याचा मला मनापासून आनंद आहे. तज्ज्ञाचं काम मात्र ओळखीच्या पुढे सुरू होतं. समोर कुठला पक्षी आहे हे त्याला लांबून, उन्हाकडे तोंड करूनही, नुसत्या चालीवरून कळतं. त्याचे प्रश्न वेगळे असतात. हा इथे खातो की फक्त विसावतो? भरतीला कुठे जातो? रात्री कुठे असतो? ही जागा गेली तर याच्या आवाक्यात दुसरी कुठली आहे, आणि तिथे आधीच दाटीवाटी आहे का?

सगळ्याचं मूळ भरती-ओहोटीत आहे. ओहोटी लागली की ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात आणि रोहित, गॉडविट, तुतवार, टिलवे, चिखल्या असे सगळे पाणपक्षी पोटाच्या मागे लागतात. पाणी चढायला लागलं की हीच जागा सोडावी लागते. आखूड पायांचे आधी उठतात, टिलव्याचा पाय तो केवढा! लांब पायांचे रोहित सगळ्यांत शेवटी. उठून जातात कुठे, तर मिठागरांत, किनाऱ्यामागच्या उथळ तळ्यांत, नेरूळच्या बाजूला, उरणच्या पाणजे परिसरात. पाणी उतरेपर्यंत तिथे उभं राहायचं, पिसं साफ करायची, झोप काढायची. खाडी राखली आणि ही विसाव्याची ठिकाणं बुजवली, तर खाडीतलं अन्न असून नसल्यासारखं.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं, थोडा चिखल उघडा राहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सगळं बुडतं. मुंबईत ही उधाणाची भरती येते दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणजे जो माणूस सकाळी सात ते दहा पक्षी मोजून अहवाल लिहील, त्याने पक्ष्यांची खरी अडचण पाहिलेलीच नसेल. खाडीचा अभ्यासक आधी भरतीचं कोष्टक उघडतो आणि मग घराबाहेर पडतो, मग ती वेळ कितीही अडनिडी असो.

20 मे 2024 ची रात्र आठवा. घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला विमानाची धडक बसून रोहितांचा थवा कोसळला, तीसहून अधिक पक्षी मेले. त्या दिवशी पंचांगात वैशाख शुद्ध द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, आणि धडक झाली ती रात्री नऊच्या आगेमागे. खाडीत पाणी चढत होतं. तिथीवरून कारण सिद्ध होत नाही, पण पहिला प्रश्न कुठला विचारायचा हे तरी कळतं: चढत्या पाण्यात हा थवा कुठल्या विसाव्याकडे निघाला होता, आणि त्याची नेहमीची जागा तेव्हा शाबूत होती का? त्याच उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी आत यायचं थांबलं होतं आणि तलाव आटत चालला होता. मी ऐकलेल्या बहुतेक चर्चा वैमानिक आणि विमानतळ यांच्यापाशीच थांबल्या. मेलेल्या पक्ष्यांचे फोटो सगळ्यांनी शेअर केले. ते कुठून कुठे चालले होते, हे विचारणारे फार थोडे.

एकदा मला रिंगिंगच्या, म्हणजे अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या, टेबलाशेजारी वही घेऊन बसायला मिळालं होतं. एक ताई जाळ्यातून आणलेला छोटा टिलवा हातात घेऊन बसल्या होत्या, वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. त्यांनी पायात धातूची कडी घातली, पंख मोजला, वजन घेतलं. मग पोटावरच्या पिसांवर हलकेच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि पातळ कातडीखाली चरबीचा पिवळट थर दिसला. त्यानंतर पंख उलगडून त्या एकेका पिसाला गुण द्यायला लागल्या आणि मी लिहीत गेलो: पाच, पाच, पाच, चार, दोन, शून्य. पाच म्हणजे पूर्ण वाढलेलं नवं पीस, शून्य म्हणजे अजून जुनंच. मी विचारलं, "ताई, याचा उपयोग काय?" त्या म्हणाल्या, "दादा, याचा पंख अर्धा जुना, अर्धा नवा आहे. आत्ता याला इथून हुसकावलं तर त्याला ते फार महाग पडेल."

"जातील दुसरीकडे"ला इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. हे टिलवे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून येतात. हिवाळ्यात इथे पिसं बदलतात, मग परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात. दोन्हीला भरपूर खाणं लागतं आणि निवांत विसावाही. त्यांना उगाच एकदा उडवलं, तरी साठवलेल्यातलंच खर्च होतं. कड्या घातलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच खाजणात पुन्हा सापडतात, हेही अभ्यासकांनी अनेकदा पाहिलंय. आपल्याला सगळा चिखल सारखा दिसतो, त्यांना दिसत नाही.

चिखलावरूनही अभ्यासक बरंच काही सांगतात. नळी रुतवून चिखलाचा नमुना काढायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेले कृमी, शिंपले सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. टिलवा वरवरचं टिपतो, गॉडविट लांब चोच खोल खुपसतो, लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्यामुळे बाजूला एवढी मोकळी दलदल आहे, तिकडे जातील, असं कुणी म्हणालं की अभ्यासक विचारतो, त्या दलदलीत खायला काय आहे?

ही विद्या मुंबईला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 पासून इथे आहे. डॉ. सलीम अलींच्या पुढाकाराने तिने स्थलांतराचा मोठा अभ्यास 1959 मध्ये सुरू केला, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. कर्नाटकातल्या क्यासनूर तापाचा, म्हणजे माकडतापाचा, पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांशी संबंध आहे का, हा प्रश्न तेव्हा होता. म्हणजे कड्या घालण्याचं हे काम माणसाच्या आरोग्यासाठीच इतकं वाढलं. "माणसं महत्त्वाची की पक्षी" असं विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता कायद्याकडे बघा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत, त्यासाठी झटलेल्या सगळ्यांचे आभार. पण 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मिठासाठी मुद्दाम तयार केलेल्या जागा वगळल्या आहेत. कागदावर मिठागर पाणथळ नाही. पक्षी मात्र दिवसातून दोनदा खाडीतून मिठागरात आणि मिठागरातून खाडीत जातो. हा दुवा पुराव्यानिशी दाखवू शकतात ती हीच माणसं. कांजूर-भांडुप-मुलुंडची अडीचशे एकरांवर मिठागरं धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. धारावीकरांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या मिठागरांत उधाणाच्या दुपारी आणि रात्री किती पक्षी उतरतात, हे आधी मोजायला नको?

शिवडीचंही तेच. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून खाडी ओलांडणारा अटल सेतू सुरू झाला आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन गटांचं भांडण ऐकतो. एक म्हणतो, शिवडीचे रोहित संपले. दुसरा म्हणतो, नवी मुंबईत तर ढीगभर आहेत. पक्षी कमी झाले की सरकले, हे दोघांच्याही फोटोंवरून कळणार नाही. त्यासाठी अख्ख्या खाडीत एकाच भरतीला, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. 2022 मध्ये काही रोहितांच्या पाठीवर जीपीएस टॅगही बसवले गेले. असा अभ्यास इथे चालू आहे, पण त्याला लागतो वेळ, आणि वेळ द्यायचीच आपली तयारी नसते. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत बहुतेक वेळा पावसाळा वगळून एका हंगामाची पाहणी पुरेशी धरतात. ती मार्च ते मे अशी केली तर हिवाळी पाहुण्यांपैकी बरेचसे मोजणी संपायच्या आत निघून गेलेले असतात. मग अहवालात लिहिलं जातं, "पक्ष्यांची संख्या नगण्य." वाक्य खोटं नसतं, म्हणूनच त्याची मला जास्त भीती वाटते.

शिवाय हे काम करणारी तरुण मुलं-मुली बहुतेक ठिकाणी प्रकल्पापुरत्या कंत्राटावर असतात. प्रकल्प संपला की पगार संपला. खाडीचा एकेक कोपरा माहीत झालेला माणूस पोटापाण्यासाठी दुसरीकडे जातो आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही जातं.

माझं म्हणणं साधं आहे. पुलाच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, तशी खाडीकाठच्या प्रत्येक आराखड्यावर पाणथळ पक्ष्यांच्या अभ्यासकाची लागायला हवी, आणि तीही रेघा आखायच्या आधी. आपल्या महापालिकांत, नियोजन प्राधिकरणांत त्यांच्यासाठी कायम पदं हवीत, नीट पगाराची.

ते होईपर्यंत आपण काय करायचं? आपल्या भागातल्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर जा. अहवाल मागा आणि पक्ष्यांचं पान उघडून विचारा: कुठल्या महिन्यांत मोजलं? उधाणाला मोजलं की भांगाला? रात्री कोण गेलं होतं? भरतीला हे पक्षी कुठे होते, आणि ती जागा नकाशावर दाखवता का? ज्यांनी मोजलं त्यांची नावं आणि पात्रताही विचारा. उत्तरं लेखी घ्या. ही पोस्ट शेअर केलीत तर उत्तम, पण सुनावणीच्या तारखा शेअर केल्यात तर जास्त उपयोग होईल. तुमच्या भागातली तारीख माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये टाका, जमेल तिथे मी येईन.