आपटे, आपटे आणि वणकुद्रे

मराठी म्हणून घरी आणलेला चित्रपट हिंदी निघाला, आणि डीव्हीडी बदलून मागितली तेव्हा "काकू, एक खेप मोजली गेली" असे ऐकून वर दहा रुपये भरावे लागले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रक्कम किरकोळ आहे, परंतु नौपाड्यात राहून, वाचनालयाची वर्गणी वेळेवर भरून, चूक त्यांची असताना दंड मी का द्यावा, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

चित्रपट 'कुंकू' होता. 'प्रभात'ने 1937 साली तो मराठीत काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' या नावाने काढली. माझ्या मावशीला मराठी 'कुंकू' पुन्हा पाहायचा होता. वाचनालयाच्या संगणकात "कुंकू (दुनिया न माने), भाषा: मराठी" अशी एकच नोंद होती. ज्याने ती केली त्याच्या हिशेबी चित्रपट एक, नावे दोन आणि कपाट मराठीचे, म्हणून भाषाही मराठी. आत हिंदी डीव्हीडी होती.

ती परत करताना मराठी डीव्हीडी वेगळी आहे का, एवढेच मी विचारले.

"लेखक कोण?" देवघेवीच्या टेबलावरील मुलीने विचारले.

"अहो ताई, चित्रपट आहे."

"तरी लेखक लागतो. तो रकाना रिकामा सोडला तर शोध पुढे जात नाही."

मी दिग्दर्शकाचे नाव सांगितले, व्ही. शांताराम. शांताराम हे आडनाव आहे का, असा प्रश्न आला, कारण आडनाव आधी टाकावे लागते. आडनाव वणकुद्रे, असे मी सांगितले. वणकुद्रे नावाचे कोणीही वाचनालयात नव्हते. तोपर्यंत माझ्या मागे हातात दोन दिवाळी अंक धरून उभ्या असलेल्या एका निवृत्त दिसणाऱ्या गृहस्थांनी रांग सोडून संशोधनात भाग घेतला होता.

"शांताराम नावाचा एक मुलगा आमच्या वर्गात होता," ते म्हणाले. "पण त्याचे आडनाव पेडणेकर."

मी दुर्लक्ष केले आणि सांगितले की चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला ती 'न पटणारी गोष्ट' नारायण हरी आपटे यांची आहे. मुलीने "आपटे" एवढेच टाकले आणि पडद्यावर पहिलीच नोंद वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी शब्दकोशाची आली.

"हे चालेल का?" तिने अत्यंत सौजन्याने विचारले.

"नको. मग नायिकेच्या नावाने पाहा. शांता आपटे."

"म्हणजे हे दोघे नवरा-बायको का?" गृहस्थ.

"नाही हो."

"मग बहीण-भाऊ असतील."

"त्यांचे नाते काय होते याच्याशी आपला संबंध नाही. एक लेखक आहेत, एक अभिनेत्री आहेत."

"आपटे एकदाच टाकले तर दोन्ही येतील ना?" मुलीने विचारले. न भांडता विचारलेला तेवढा एकच समंजस प्रश्न होता, पण उत्तर नाही असेच होते, कारण अभिनेत्रीचे नाव टाकायला नोंदीत जागाच ठेवलेली नव्हती. लेखकाच्या रकान्यात डीव्हीडी विकणाऱ्या कंपनीचे नाव होते. प्रकाशन वर्ष 2008 होते. विषय "धर्म व रूढी" होता.

गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले. "2008 सालचा सिनेमा, आणि तुम्ही म्हणता कृष्णधवल आहे? मग तुम्ही दहा रुपये परतच मागा. रंगीत टीव्ही असताना काळ्या-पांढऱ्याचे पैसे कोण देतो?"

2008 हे डीव्हीडी बाजारात आल्याचे वर्ष असून चित्रपटाचे नव्हे, हे मी त्यांना सांगितले. "मग संगणक खोटे बोलतो का?" या प्रश्नाचे उत्तर खरे तर "हो" असे होते, परंतु त्यांचा संगणकावरचा विश्वास माझ्यापेक्षा पुष्कळ जुना आणि दृढ दिसला.

मला हसू आले नाही. दाराजवळच्या फलकावर "आमचे वाचनालय मार्क 21 पद्धतीने संगणकीकृत" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्याच मार्क 21 मध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी संगणकात ठेवण्याच्या ठरीव पद्धतीत, 508 हा रकाना दिग्दर्शक, छायालेखक आदी निर्मितीतील मंडळींसाठी आहे, 511 नटांसाठी, 257 निर्मितीच्या देशासाठी, आणि 041 मध्ये चित्रपटाची भाषा व उपशीर्षकांची भाषा वेगवेगळी नोंदवता येते. चित्रपटाचे मूळ वर्ष डीव्हीडीच्या वर्षापासून निराळे ठेवण्याचीही सोय आहे. घराला खोल्या बांधून माणसे ओसरीवर झोपवावीत, असा हा कारभार आहे. पुस्तकाला लेखक असतो म्हणून प्रत्येक वस्तूला एक लेखक हवाच, आणि नाही मिळाला तर विक्रेता बसवायचा.

यात नुकसान मावशीसारख्यांचे होते. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे डीव्हीडीत उपशीर्षके आहेत की नाहीत, हे घरी आणण्याआधी समजणे तिच्यासाठी चैनीची गोष्ट नाही. भाषा हाही केवळ एक शिक्का नव्हे. 'प्रभात'च्याच 1941 सालच्या 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, तर हिंदी 'पडोसी'त जागीरदारांसमोर मझहर खान आहेत. भाषा बदलली की नट बदलले, म्हणजे कंसात दुसरे नाव घालून भागत नाही. दात्यांना पाहायला आलेल्या माणसाच्या हाती मझहर खान ठेवून त्याच्याकडूनही खेपेचे पैसे घेणार का? एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तो बहुधा दिवाळी अंक घेऊन उभ्या राहणाऱ्यांना लागू नसावा, कारण रांग एव्हाना जिन्यापर्यंत गेली होती आणि गृहस्थांना त्याचे काही नव्हते.

शेवटी मी तक्रारवही मागितली. तीही पुस्तकांसाठीच छापलेली निघाली: पुस्तकाचे नाव, लेखक, दोष असलेला पान क्रमांक. मी दोष तपशीलवार लिहिला. मुलीने वही वळवून पाहिली आणि पान क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवल्यास तक्रार वरती पाठवता येणार नाही, असे सांगितले.

"एक लिहा," गृहस्थ म्हणाले. "सिनेमा पहिल्यापासूनच हिंदी आहे ना?"

मी एक लिहिले. लेखकाच्या रकान्यात मुलीने स्वतःच "आपटे व इतर" असे भरले.