साराभाईंना हात लावायलाच नको होता!

कुठल्याही जुन्या मालिकेचा ‘नवा सीझन येतोय’ म्हटलं की आता पोटात गोळाच येतो. ‘साराभाई वर्सेस साराभाई’चं काय केलं, आठवतंय ना? 2004 ते 2006, स्टार वन वाहिनी. कफ परेडची सासू माया समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेला, मोनिशाला, ‘मिडल क्लास’ म्हणायची आणि इकडे लालबागच्या खोलीत आम्ही हसून लोळायचो. आवाज चढवायची नाही हो ती! भुवई जराशी वर, एक शब्द, की मोनिशा गार. आणि मोनिशाही हार मानायची नाही, घासाघीस करून आणलेली वस्तू पुन्हा तेवढ्याच कौतुकाने दाखवायची. दोघी खऱ्या वाटायच्या.

मग 2017 मध्ये हॉटस्टारवर दुसरा सीझन आला. तेच कलाकार, लेखक आतिश कपाडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी, सगळे तेच. तरी मायाच्या धाकट्या मुलाची, रोसेशची, कविता नुसता आरडाओरडा, टोमणे रबरासारखे ताणलेले. माया झालेल्या रत्ना पाठक शाह आणि तिचा नवरा झालेले सतीश शाह समोरासमोर असताना प्रसंग पडतोच कसा? राग त्याचाच येतो. इतकी तयारीची माणसं, आणि हातात हे असलं लिखाण? नसेल सुचत तर नका ना काढू पुढचा भाग. कोणी जबरदस्ती केली होती?