डेव्हर्सची मध्यावधी बदली आणि मत नसलेला मी

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या माणसाला देव आहे की नाही याबद्दल मत नसलं तरी चालतं, राजकारणाबद्दल नसलं तर उलट लोक मनातल्या मनात आभार मानतात, पण 15 जून 2025 च्या संध्याकाळनंतर बॉस्टनच्या बेसबॉल टीमने, म्हणजे रेड सॉक्सने, आपल्या राफाएल डेव्हर्सला दुसऱ्या टीमला देऊन टाकला ते बरोबर की चूक, यावर "मला काही खास मत नाही" असं जो म्हणेल त्याची काही खैर नव्हती. मी म्हणालो. शिष्टपणा म्हणून नाही, खरोखर नव्हतं. मी मूळचा क्रिकेटवाला, बेसबॉल बघायला लागलो पोरामुळे, आणि पोरगा जे ओरडेल तेच आपण ओरडायचं एवढीच माझी फॅनगिरी. पण मत नसणं ही सोय इथे उपलब्धच नाही हे मला फार उशिरा कळलं.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो, म्हणजे प्रयत्न करतो, कारण इथे हे कुणीच थोडक्यात सांगत नाही. डेव्हर्स हा डोमिनिकन रिपब्लिकचा पोरगा, 2013 मध्ये रेड सॉक्सने घेतला तेव्हा सोळा वर्षांचा होता, 2017 ला मोठ्या टीममध्ये आला, 2018 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचा सगळ्यात मोठा कप, जिंकणाऱ्या टीममध्ये होता, गोबरा चेहरा आणि बॅट मात्र अशी की न्यूयॉर्कच्या यँकीजच्या गेरिट कोलने, म्हणजे त्यांच्या एक नंबरच्या पिचरने (आपल्या भाषेत बॉलर), 2024 मध्ये एकदा बेस रिकामे असताना याला मुद्दाम फुकट पहिल्या बेसवर सोडून दिला, खेळायलाच नको म्हणून. जानेवारी 2023 मध्ये टीमने त्याच्याशी दहा वर्षांचा 313.5 मिलियन डॉलरचा करार केला. रुपयात हिशोब करू नका, मी केला होता, अडीच हजार कोटींच्या वर गेल्यावर सोडून दिला.

मग फेब्रुवारी 2025 मध्ये टीमने अ‍ॅलेक्स ब्रेगमन आणला. तोही डेव्हर्ससारखाच थर्ड बेसवाला, म्हणजे तिसऱ्या बेसपाशी फिल्डिंग करणारा. डेव्हर्सला सांगितलं तू आता डेझिग्नेटेड हिटर हो, म्हणजे फिल्डिंग करायची नाही, फक्त बॅटिंग करायची आणि मधल्या वेळात डगआउटमध्ये सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या. आपल्याकडे कुणाला अशी नोकरी मिळाली तर घरी पेढे वाटतील, पण तो म्हणाला थर्ड बेस माझी जागा आहे. शेवटी कुरकुरत तयार झाला, पहिल्या पाच मॅचमध्ये 15 वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल न मारताच आउट, झाला, मग लय सापडली आणि धोधो मारायला लागला. झालं, सगळं सुरळीत. तर मे महिन्याच्या सुरुवातीला फर्स्ट बेसवाल्या ट्रिस्टन कॅससचा गुडघ्यातला टेंडन फाटला, फर्स्ट बेस रिकामा, आणि टीमचा मुख्य निर्णय घेणारा क्रेग ब्रेस्लो डेव्हर्सला म्हणाला, बाबा रे, फर्स्ट बेस खेळशील का? डेव्हर्स पत्रकारांसमोर म्हणाला, तुम्हीच मला सांगितलंत ना ग्लोव्ह ठेवून दे म्हणून, आता परत काढायला सांगता? मग मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटून आले. आणि गंमत म्हणजे महिना संपता संपता ब्रेगमनची मांडी दुखावली, म्हणजे ज्या थर्ड बेसवरून हे रामायण सुरू झालं तोही रिकामा. दोन जागा मोकळ्या, माणूस हजर, आणि तो बाकावर बिया चघळतोय.

15 जूनला रविवार होता, फादर्स डे. फेनवे पार्कवर, म्हणजे घरच्या मैदानावर, यँकीजला 2-0 ने हरवलं, सलग तिसरी मॅच, डेव्हर्सने होमरन (सिक्सरच समजा) मारला, अख्खं शहर खुशीत. आणि संध्याकाळी बातमी, डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला. बदल्यात चौघं: जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो. उरलेला पगार, 250 मिलियनच्या वर, तो सगळा जायंट्सने द्यायचा. मंगळवारी हा माणूस जायंट्सच्या कपड्यात खेळतोय. आपल्याकडे हार्दिक गुजरातहून परत मुंबईला आला तेव्हा वानखेडेवर लोकांनी स्वतःच्याच कॅप्टनला हुर्यो केलं होतं, पण ती अदलाबदल निदान दोन सीझनच्या मधे झाली होती, रडायला चार महिने मिळाले. इथे सीझन निम्मासुद्धा झालेला नाही आणि माणूस गायब.

सोमवारी ऑफिसला गेलो. माझ्या शेजारी बसतो तो डॉर्चेस्टरचा, पिढ्यानपिढ्या सॉक्सवाला, गुड मॉर्निंग नाही काही नाही, "बरं झालं गेला. एवढा पगार घेतो आणि टीम अडचणीत असताना चार पावलं सरकून उभा राहत नाही?" मी म्हटलं हो, तसं बरोबर आहे. समोरच्या टेबलवरच्या टेस्टिंगच्या बाई ताडकन उठल्या. त्यांची आजी म्हणे बेब रूथबद्दल अशी बोलायची जसा काही तो घरातून पळून गेला होता. "हे लोक विकतातच! 1919 च्या डिसेंबरमध्ये बेब रूथ यँकीजला विकला, मग 2004 पर्यंत एक कप नाही. 2020 मध्ये मूकी बेट्स लॉस एंजेलिसला दिला, तो तिकडे कपावर कप जिंकतोय. आता हा!" मी म्हटलं, हो, हेही बरोबर आहे. डॉर्चेस्टर म्हणाला, आणि नोमार? 31 जुलै 2004, लोकांचा लाडका नोमार गार्सियापारा मधल्या सीझनला काढला, शहर रडलं, आणि ऑक्टोबरमध्ये कप आला की नाही? मी म्हटलं, अरे हां की.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हे दोघं मिळून मलाच ट्रेड करतील, बदल्यात एक स्टेपलर घेऊन.

मध्यस्थाची ही गत सगळीकडेच होते, पण भांडणाऱ्यांना एकमेकांचा राग नसतो हे मला तिथे कळलं. ते दोघं दुपारी एकत्र जेवले. हिक्सचा पायाचा अंगठा दुखतोय आणि तो ताशी शंभर मैलांनी बॉल टाकतो तरी बॅटिंगवाले त्याला धुतात, हॅरिसनला पहिल्याच दिवशी खालच्या टीममध्ये वुस्टरला पाठवलं, असं सगळं हसत खिदळत बोलत होते, मी ट्रे घेऊन गेलो तर गप्प. माझ्याशी बोलायला काही उरलंच नव्हतं, मी दोघांचं सगळं मान्य करून बसलेलो.

मग शनिवारी पोराला घेऊन लॉरेन्सला केस कापायला गेलो. आम्ही मेथ्युएनला राहतो, लॉरेन्स शेजारीच, तिथे डोमिनिकन लोकांची मोठी वस्ती, आमचा न्हावीही तिकडचाच. दुकानात टीव्ही चालू, आरशाच्या कडेला डेव्हर्सचा जुना फोटो खोचलेला, आणि पोराच्या अंगावर अकरा नंबरची डेव्हर्सची जर्सी जी मी बायकोला सेलमधली आहे असं सांगून पूर्ण किमतीला घेतली होती. जर्सी बघून अख्ख्या दुकानाने पोराला टाळ्या दिल्या. मला खुर्चीत बसवलं, मानेला तो कागदाचा पट्टा गुंडाळला, वस्तरा कानामागे टेकवला आणि न्हावी शांतपणे म्हणाला, तुमचं काय मत?

मी म्हटलं, अन्याय झाला त्याच्यावर. शब्द दिला होता, शब्द पाळायला हवा होता, करारात ट्रेडला नकार द्यायची सोयसुद्धा ठेवली नव्हती बिचाऱ्याच्या. एका दमात एवढं बोललो की वस्तरा थांबला, आणि मग त्याने कल्ले इतके प्रेमाने कापले की तसे माझ्या लग्नातही कुणी कापले नव्हते.

बाहेर पडल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, तू तर फोनवर ऑफिसवाल्या काकांना म्हणालास बरं झालं गेला." आता याला काय सांगणार.

खरी परीक्षा घरात होती. आमचे सासरे, अप्पा, उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून आलेले. कलेक्टर कचेरीत आस्थापना शाखेत आयुष्य गेलं, रिटायर झाले तरी डोक्यातली फाइल बंद झालेली नाही. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ट्रेडनंतरच्या सोमवारी रात्री जेवताना पोराने सगळी कथा सांगितली आणि अप्पांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, "ऑर्डर कितव्या महिन्यात निघाली?"

"जून," मी म्हटलं.

"बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. जूनमध्ये म्हणजे मध्यावधी. मध्यावधीला कारण लेखी नोंदवावं लागतं, वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. 2005 चा कायदा आहे."

"अप्पा, तो महाराष्ट्राचा कायदा."

"असू दे हो. पद्धत ती पद्धत. बरं, ते हातमोजे ठेवून दे कोण म्हणालं त्याला? लेखी दिलं होतं?"

"तोंडीच म्हणाले असतील."

"संपलं मग!" अप्पांनी तुकडा ठेच्यात बुडवला. "तोंडी आदेश देणारा मूर्ख, आणि तोंडी नकार देणारा त्याहून मूर्ख. त्याने एक साधा अर्ज करायचा, विनंतीपूर्वक कळवितो की, दहा वर्षं काढली असती एका जागी. साहेब कोण आहे तिथला?"

मी सांगितलं ब्रेस्लो, स्वतः पिचर होता, 2013 च्या विजेत्या टीममध्ये होता, येलमध्ये बायोकेमिस्ट्री वगैरे शिकलेला. अप्पा म्हणाले अति शिकलेला साहेब आस्थापनेला घातकच. आणि मालक? मालक जॉन हेन्री, लिव्हरपूल फुटबॉल क्लबही त्यांच्याच कंपनीचा, पण सुरुवातीचा पैसा मका-सोयाबीनच्या वायदे बाजारातला. हे ऐकल्यावर अप्पांचा चेहरा उजळला. "सोयाबीनवाला! मग विषयच नाही. रविवारी होमरन मारला म्हणालात ना? भाव वर असताना माल काढला."

त्यानंतर अप्पा रोज मॅच बघायला लागले. सॉक्सची नव्हे, जायंट्सची. कॅलिफोर्नियातली रात्रीची मॅच आमच्याकडे पावणेदहाच्या सुमाराला सुरू होते, म्हणजे बायकोच्या भाषेत घरात रात्रपाळी लागली. योगायोग बघा, ट्रेड होऊन आठवडा व्हायच्या आत सॉक्सच सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला गेले आणि 21 जूनला डेव्हर्सने त्यांनाच होमरन ठोकला, जायंट्स 3-2 ने जिंकले. अप्पा सोफ्यावरून उठून उभे, "बघा! बदली झालेला माणूस जुन्या ऑफिसला असंच दाखवतो." वरच्या मजल्यावरून बायको ओरडली की दाखवून झालं असेल तर बसा आता.

पण मला महागात पडला तो पोरगा. अप्पा आले म्हणून त्याची खोली त्यांना दिली होती आणि त्याला माझ्या कामाच्या खोलीत गादी टाकून दिली होती, त्याबद्दल तेव्हा काही बोलला नव्हता. जूनच्या शेवटी एक दिवस मी त्याला म्हटलं, अरे पाहुणे येतायत, एक रात्र हॉलमध्ये झोप. तो शांतपणे म्हणाला, "माझी जागा वरची खोली. तुम्ही म्हणालात खाली ये, मी आलो. आता तुम्ही म्हणताय हॉल. मला आधी सांगितलं होतं की फक्त एकदाच बदल होईल." मी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "लेखी दिलं होतं का त्याला?" मी बायकोकडे बघितलं, ती म्हणाली, न्हाव्याकडे काय भाषण दिलंस ते कळलंय मला, दिलेला शब्द पाळायला हवा म्हणे. हॉलमध्ये मी झोपलो.

जुलैमध्ये वारं फिरलं. सॉक्सने ऑल-स्टार ब्रेकच्या, म्हणजे सीझनच्या मधल्या सुट्टीच्या, आधी सलग दहा मॅच जिंकल्या, डॉर्चेस्टरवाला ऑफिसात डोनट वाटायला लागला. जायंट्स गडगडले. आणि 22 जुलैला डेव्हर्स जायंट्सकडून अटलांटात चक्क फर्स्ट बेसवर उभा. ज्या फर्स्ट बेसवरून एवढं महाभारत घडलं, तिथे हा नवीन ऑफिसात महिनाभरात आपणहून ग्लोव्ह घालून उभा! त्या दिवशी टेस्टिंगच्या बाईंचासुद्धा तोल गेला. मला म्हणाल्या, हे मात्र फार झालं हं. मी पहिल्यांदाच कुणाशी तरी मनापासून सहमत होतो, तेवढ्यात डॉर्चेस्टर म्हणाला, तिकडे त्याला नीट विचारलं असेल, आपल्याकडे विचारायची रीतच नव्हती. दोघांनी बाजू बदलल्या होत्या, मला न सांगता.

ट्रेडच्या डेडलाइनला, डेव्हर्सच्या बदल्यात आलेल्या त्या चौघांतला टिब्सही सॉक्सने डॉजर्सला देऊन टाकला. सीझन संपला तेव्हा जायंट्स बरोब्बर 81 जिंकून 81 हरलेले, सॉक्स प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जाऊन यँकीजकडून पहिल्याच फेरीत बाहेर. नोव्हेंबरमध्ये ब्रेगमननेही करारातून अंग काढून घेतलं आणि पुढे शिकागोला गेला. ज्याच्यासाठी जागा रिकामी केली तोही गेला.

अप्पा सप्टेंबरमध्येच साताऱ्याला परतले होते, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चौकशी असायची. सीझन संपल्यावर पोराने त्यांना सांगितलं, आजोबा, टीमच्या मॅच असतात 162, पण डेव्हर्स 163 खेळला, कारण बॉस्टनच्या 73 झाल्यावर तो गेला आणि जायंट्सच्या तेव्हा 90 बाकी होत्या. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक हजेरी जास्त?"

"हो आजोबा."

"त्या एका दिवसाचा पगार कुठल्या कार्यालयाने काढायचा?" अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुमचं काय मत?"

मी व्हिडिओ बंद करून म्हटलं, अप्पा, रेंज जातीये.