राइट-क्लिकचा मेनू: पुसू नका, बंद करा

विंडोजमधला राइट-क्लिकचा मेनू आटोपशीर कसा करावा यावरच्या एका लेखात थेट रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथल्या) नोंदी पुसायला सांगितलंय. नवख्या माणसाने ते करू नये. निरसॉफ्टचं ‘शेलएक्सव्ह्यू’ हे छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मेनूतली नोंद नुसती बंद करता येते आणि लागली तर परत चालू. मायक्रोसॉफ्टबाहेरच्या नोंदी गुलाबी दिसतात, तेवढ्याच बघा.

मालवणात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. चतुर्थीआधी आरत्यांच्या पुस्तिकांची ही झुंबड, आणि फाइलवर राइट-क्लिक केलं की झिपवाले, अँटिव्हायरसवाले, क्लाउडवाले जत्रेतल्या दुकानांसारखे ओळीने उभे! विंडोज ११ मध्ये वरचा मेनू छोटा झाला खरा, पण शिफ्ट+एफ१० दाबा, जुना भरगच्च मेनू तिथेच आहे. नोंद बंद करूनही बदल दिसला नाही तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा.